पॅसेजमधली रेंज

राऊटर बदलायचं कारण अगदी साधं होतं. जुन्याने मान टाकली. नेटवाला आला, इकडे-तिकडे बघून म्हणाला, "नवीन लाइन मागच्या बाजूने येते, ताई. राऊटर पॅसेजच्या त्या टोकाला लावतो." मी बरं म्हटलं. एवढ्याशा गोष्टीत विचार करण्यासारखं काय असतं?

घरात आम्ही दोघीच, मी आणि माझी आत्या. तिचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, ती मागच्या खोलीत पलंगावर. तिच्यासाठीच मी साहेबांच्या विनवण्या करून घरून काम मागून घेतलं होतं. मी पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचे. मध्ये तो लांब, बिनखिडकीचा पॅसेज.

सकाळी सगळं सुरळीत चालायचं. दुपारी आत्याला जेवू घालून मी परत कामाला बसले की रेंज उतरायला लागायची. वाय-फायच्या खुणेतली एकेक कमान विझत जायची. घाईघाईने नाही, सावकाश. मग नेट बंद.

सगळे करतात ते मीही केलं. राऊटर बंद-चालू केला, लॅपटॉप बंद-चालू केला, पासवर्ड पुसून पुन्हा टाकला. आत्याच्या उशाशी ठेवलेल्या फोनवर मात्र नेट पळत होतं. म्हणजे दोष लॅपटॉपचा, असं मी स्वतःला समजावलं.

मग एक दिवस साहेब म्हणाले, "परत मीटिंगमधून गायब झालात तर तुम्हाला ऑफिसला यावं लागेल. माझ्याही हातात नाही."

ऑफिसला गेले तर आत्याकडे कोण बघणार? दुसऱ्या दिवशी दुपारी रेंज उतरायला लागली तशी मी नेटवाल्याला फोन लावला.

"लॅपटॉप घेऊन पॅसेजच्या तोंडाशी उभ्या राहा," तो म्हणाला. "राऊटर दिसतोय?"

"दिसतोय."

"मधे कपाट, फ्रीज, काही?"

"काहीच नाही."

"रेंज?"

"एकच कमान आहे."

"मग मधे कोणीतरी उभं असेल, ताई. माणसाच्या अंगानेसुद्धा सिग्नल अडतो. त्यांना जरा बाजूला व्हायला सांगा."

तो अगदी सहज बोलून गेला. मी पॅसेजमध्ये पाहिलं. कोणी नव्हतं. टोकाला राऊटरचा हिरवा दिवा होता, पण ओल्या फडक्याआडून दिसावा तसा.

"इथे... कोणी नाहीये."

"बरं, मग हळूहळू राऊटरकडे चालत जा."

मी चालू लागले. मध्यावर आले तेव्हा पायांना गारठा जाणवला आणि बंद पेटीतल्या कपड्यांसारखा कुबट वास आला. उरलेली कमानही विझली. आणखी थोडी पुढे गेले, तर एकदम सगळ्या कमानी उजळल्या.

"आता?" त्याने विचारलं.

"आता... पूर्ण आहे."

"म्हणजे लॅपटॉप ठणठणीत आहे. मधेच काहीतरी आडवं येतंय बघा."

मी फोन ठेवला आणि राऊटरखालीच फतकल मारली. लॅपटॉप मांडीवर, राऊटर डोक्याच्या जरा वर. मध्ये हातभरही जागा नव्हती. आता इथेच बसून काम करायचं, लाज कसली, असं ठरवलं. जरा जिवात जीव आला.

आणि एक कमान विझली.

मी हललेही नव्हते. दुसरी विझली. मानेवर गार काहीतरी टेकल्यासारखं झालं. तो कुबट वास आता अगदी माझ्या तोंडाशी होता. उठावंसं वाटत होतं, पण उठले तर कशाला धडकेन, या विचाराने मी तशीच बसून राहिले.

आतून आत्याचा आवाज आला, झोपेतून जागी झाल्यासारखा. "अगं, तिलाही बस म्हण की. रोज दुपारी नुसती उभी असते."

"कोणाला, आत्या...?"

"तुला दिसत नाही होय... मला वाटलं, तुला माहीत आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. जुना राऊटर पुढच्या खोलीतच होता. त्याच्या आणि माझ्या मध्ये पॅसेज यायचाच नाही. नवीन काय आलं होतं घरात? फक्त राऊटर; ती नाही.

आत्याला हलवता येत नव्हतं, आणि तिला सोडून मी जाणार तरी कुठे? मी नेटवाल्याकडून लांब केबल मागवली. त्याने ती राऊटरपासून पॅसेजच्या फरशीवरून थेट माझ्या टेबलापर्यंत आणली. तेव्हापासून नेट एकदाही बंद पडलं नाही. साहेब खूश आहेत. आत्याही वॉकर घेऊन चालायला लागली आहे. पॅसेजच्या मध्यावर आली की ती भिंतीला चिकटून, अंग चोरून पुढे जाते. मी विचारत नाही.

काल दुपारी केर काढायला केबल बाजूला घ्यावी म्हणून मी ती ओढली. मध्यापाशी ती अडकली. फरशीवर काही नव्हतं, पण केबल तेवढ्या जागी घट्ट दाबल्यासारखी चपटी पडली होती. मी पुन्हा ओढली. हलेना.

हातातला झाडू तसाच धरून मी कशीबशी म्हणाले, "जरा पाय उचलता...?"

केबल सैल झाली.