दोन हातांचं लाल चित्र

पांढरे सुती हातमोजे, कोपरापर्यंतचे. उन्हाळ्यात अमरावतीच्या बाया गाडी चालवताना घालतात ते.

शिसवी पाळणा. एका बाजूची कडी तुटलेली.

पुष्कराजाची अंगठी. बोट आखडलं होतं, निघाली नाही. माणसाबरोबर चितेवर जळली.

डिक्कीत पेट्रोलचा वास.

टुंग… टुंग… टुंग…

"मी त्या घरी एकदाच जाईन."

हे सगळं एकाच गाडीच्या गोष्टीतलं आहे. आणि खरं आहे. रमाताई आज अकोटला राहतात, दुपारी कधीही दार ठोठावा, त्या जाग्याच असतात. त्यांना विचारा. फक्त बोलताना टेबलावर बोट आपटू नका.

दोन हजार चोवीसचा मे महिना. कापसाला भाव नाही म्हणून गावोगावी घरातली एक खोली अजून कापसानंच भरलेली. अमरावतीत सकाळी अकरानंतर उन्हामुळे रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं.

रमाताईंचे यजमान चिंतामणराव वकील. फेब्रुवारीत गेले. परतवाड्याला कामासाठी निघाले होते, गाडीतच हृदय बंद पडलं. मुलगा गौरांग पुण्याहून आला, त्यानंच सगळं निस्तरलं. गाडी परत आणली, बंगल्याच्या शेडमध्ये लावली.

"विकून टाक आई. तुला काय करायची आहे?"

 तेराव्यानंतर रमाताईंनी ड्रायव्हिंग क्लास लावला.

चिंतामणरावांनी त्यांना कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. लग्नापासून त्या डावीकडच्या सीटवर. चिंतामणरावांचा डावा पंजा स्टिअरिंगच्या माथ्यावर. उजवा खाली. मनाविरुद्ध काही झालं की उजव्या हातातली अंगठी स्टिअरिंगच्या दांडीवर आपटायची.

टक. टक. टक.

घरात सगळ्यांना तो आवाज कळायचा. आवाज आला की विषय संपला.

चारुताचा विषयही तसाच संपला होता. मुलीनं अकोटच्या अफनानशी लग्न केलं. अफनानचं तिथे औषधाचं दुकान. चिंतामणरावांनी तिचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि जेवायला बसले. जेवता जेवता म्हणाले, "या घरातलं कोणी अकोटला जाणार नाही. मी त्या घरी एकदाच जाईन."

रमाताईंनी वाढणं थांबवलं. त्यांना वाटलं, बाप आहे, कधीतरी जाईन म्हणतोय.

पुढचं वाक्य त्यांनी ऐकलं. पण ते मनात कुठंतरी खाली दाबून टाकलं.

मे महिन्यात चारुताचा फोन आला. दिवस भरत आले होते.

"आई, तू येशील ना? आता तर तुला कोणी अडवत नाही."

"येते. तुझा पाळणा घेऊन येते."

गाडी घेऊन त्या रोज सकाळी कॅम्प भागातून चक्कर मारू लागल्या. स्कार्फ, हातमोजे, चष्मा. गाडी छान चालायची. फक्त…

टक.

कुठूनतरी. अगदी जवळून.

म्हणून त्या वलगाव रोडला शाकीबकडे गेल्या. शाकीब गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. त्यानं आधी हातमोज्यांकडेच पाहिलं.

"काकू, हे घालून चालवता? मंग लाल हात लय दिसत असतीन?"

"कसले लाल हात?"

"समोरच्या पडद्यावर. दोन हातांचं लाल चित्र येते, अन् टुंगटुंग वाजते."

"नाही रे. एकदाही नाही."

शाकीबनं हातातला पाना खाली ठेवला.

"ऐका. या स्टिअरिंगच्या चामड्याखाली एक पातळ पापुद्रा असते. छापेल. आपण लग्नाची पत्रिका छापतो न, तसाच. फक्त शाईत चांदी असते. उघडा हात लागला का त्याले समजते. हात काढला का गाडी बोंबलते, म्हणजे ड्रायव्हर झोपला गिपला तर. या जाड मोज्यातून त्याले तुमचा हात कळालेच नाही पायजे."

"पण वाजत नाही."

"तेच तं म्हणून राहिलो."

त्यानं गाडीला आपलं यंत्र जोडलं. यंत्राच्या स्क्रीनवर स्टिअरिंगचं गोल चित्र उमटलं. शाकीबनं बोट लावलं तिथे हिरवं झालं. बोट काढलं, विझलं.

"पाहा. बरोबर हाय."

पण माथ्यावरचा भाग विझला नाही.

हिरवा. एका पंजाएवढा.

"घाम असन कोणाचा," शाकीब म्हणाला. कोरड्या फडक्यानं पुसलं. दोनदा पुसलं.

हिरवाच.

मग खाली उजवीकडे एक छोटा ठिपका उमटला. आणि त्याच क्षणी… टक.

ठिपका विझला. पुन्हा उमटला. टक.

"काकू… तुमी हात लावून राहिल्या काय?"

रमाताई गाडीपासून चार हात लांब उभ्या होत्या.

शाकीबनं आत वाकून स्टिअरिंगखालची वायर खसकन उपटली. चित्र काळं झालं. आवाजही थांबला.

"झालं. आंधळं केलं त्याले. आता गाडीले वाटन का कोणाचाच हात नाही. रस्ताभर बोंबलन. बोंबलू द्या." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "नाहीतर यष्टीनं जा न काकू. अकोटची गाडी डेपोतूनच लागते."

"आयुष्यभर शेजारी बसले रे मी," रमाताई म्हणाल्या. "आता मीच चालवणार."

दुसऱ्या दिवशी जेवण करून त्या निघाल्या. डिक्कीत पाळणा ठेवताना कोपऱ्यात एक पांढरा कॅन दिसला. भरलेला. पेट्रोलचा वास येत होता. जास्तीचं तेल असेल, असं वाटून त्यांनी डिक्की लावली.

टुंग… टुंग… टुंग…

शाकीब म्हणाला तसंच. लाल हात पडद्यावर, आवाज सतत. वलगाव गेलं, परतवाडा गेलं. डोकं उठलं. पण रमाताईंना तो आवाज आवडू लागला होता.

तो आवाज सांगत होता, स्टिअरिंगवर कोणाचाच हात नाही.

अंजनगाव मागे पडलं. उजवीकडे उन्हात विरघळलेला सातपुडा. डावीकडे पाण्यावाचून तोडलेली संत्र्याची बाग, नुसते बुंधे.

टुंग… टुंग…

टुंग…

मग काहीच नाही.

रमाताईंनी पडद्याकडे पाहिलं. लाल हात गेले होते.

वायर तर उपटलेली होती.

त्यांनी हळूच डावा हात सोडला. मग उजवा.

पुढे वळण होतं. स्टिअरिंग वळलं. सावकाश, सराईत हातानं वळवावं तसं. गाडी वळणातून सरळ बाहेर आली.

खरं सांगायचं तर त्या क्षणी रमाताईंना भीती वाटली नाही.  त्या रिकाम्या स्टिअरिंगकडे बघून म्हणाल्या, "पोरीला भेटायला येताय?"

टक.

"तुम्हालाही राहवलं नाही ना?"

टक. टक. टक. टक.

आवाज थांबेना. पंजा दाबावा तसं स्टिअरिंगच्या माथ्यावरचं चामडं आत दबलं होतं. आणि मागून वास येऊ लागला.

पेट्रोलचा.

तेव्हा ते दाबून टाकलेलं वाक्य वर आलं. जेवणाचं ताट, वरणाचं भांडं, आणि चिंतामणरावांचा शांत आवाज.

"मी त्या घरी एकदाच जाईन. त्यानंतर कोणाला जायला ते घर राहणार नाही."

रमाताईंना कळलं. त्यांना कोणी अडवत नव्हतं. चिंतामणराव त्यांना नेत होते. स्टिअरिंगवर हात चिंतामणरावांचे, आणि खाली पाय रमाताईंचे. गाडी पळवायला लागणाऱ्या पायांसाठीच त्या हव्या होत्या.

त्यांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

गाडी किंचाळत आडवी झाली. स्टिअरिंग गरकन अकोटच्या बाजूला फिरलं. पुन्हा फिरलं. पुन्हा. बंद पडलेल्या गाडीचं स्टिअरिंग रागानं हिसके देत होतं.

रमाताई उतरल्या. डिक्कीतून पाळणा ओढला. कॅनला हात लावायचा धीर झाला नाही. गाडीला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली, आणि रणरणत्या उन्हात पाळणा उराशी धरून उभ्या राहिल्या. मागून आलेल्या जीपवाल्यानं त्यांना घेतलं.

"गाडी बिघडली काय, मावशी?"

"हो."

अकोटला पोचल्या तेव्हा चारुताला कळा सुरू झाल्या होत्या. संध्याकाळी घरीच मुलगी झाली. अलीझा. रमाताईंनी घडलेलं कोणाला सांगितलं नाही. अशा वेळी काय सांगणार? गाडी वाटेत बिघडली, एवढंच म्हणाल्या.

जावई चांगला आहे. तीच चूक झाली.

सकाळी बाळाला मांडीवर घेऊन रमाताई बसल्या होत्या. अफनान घाम पुसत आत आला. पर्समधली किल्ली त्यानं चारुताला विचारून नेली होती.

"आई, गाडी आणली बरं. दारात लावली. काही बिघडेल नाही तिच्यात! इतकी मस्त चालली, हात लावायचं कामच नाही पडलं."

रमाताईंनी बाळ चारुताकडे दिलं. बाहेर धावल्या. गाडीचं नाक घराच्या दाराला टेकलं होतं.

त्यांनी चारही चाकांची हवा सोडली. अफनान बघतच राहिला.

"आई, हे काय करून राहिल्या तुमी?"

त्यांनी डिक्की उघडली.

वास होता.

कॅन नव्हता.

"अफनान, कॅन कुठं ठेवलास?"

"कोणता कॅन?"

"पांढरा. पेट्रोलचा."

"मी तं डिक्की उघडलीच नाही. अन् पेट्रोल कायले? गाडी डिझेलची हाय, आई."

सगळं घर शोधलं. गच्ची, न्हाणी, दुकानामागची खोली. कॅन आजवर सापडलेला नाही. गाडी ओढून नेणाऱ्यांची साखळी तुटली, नंतर ते आलेच नाहीत. बॅटरी काढलेली ती गाडी अजून दारात आहे. रमाताई अमरावतीला परत गेल्या नाहीत. त्या दार आणि पाळणा यांच्या मधे चटई टाकतात. दुपारी घर निजलं की बाहेरून आवाज येतो.

टक.

आता घरातल्या सगळ्यांनाच तो कळतो. अलीझालाही. ती रडायची थांबते.

फेब्रुवारीत दवाखान्याच्या माणसांनी चिंतामणरावांची बोटं एकेक करून स्टिअरिंगवरून सोडवली, तेव्हा गाडी परतवाड्यात नव्हती. ती अंजनगावच्या पुढे, त्या तोडलेल्या बागेपाशी उभी होती, आणि तिचं तोंड अकोटकडे होतं.