खडूच्या खुणा

आकृतिचित्रण शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. माणूस कसं बसलंय यावरून मी त्याच्या घरचं वातावरण सांगतो. पुरुष ऐसपैस बसतो, बाई कागदावरही अंग चोरून बसते. माझी बायको म्हणते, "तुम्हाला चित्रातल्या बायका तेवढ्या कळतात." मी ते कौतुक समजतो.

गेल्या सोमवारी एक जुनी विद्यार्थिनी वर्गावर आली. आता चाळिशीची. तिचे चित्रकार वडील महिन्यापूर्वी वारले होते. त्यांच्या कपाटात तिला कोळशाने काढलेली नऊ चित्रं सापडली, सगळी तिच्या आईची. ही चार वर्षांची असताना आई घरातून गेली, ती परत आलीच नाही.

"सर, नीट बघून सांगा. ती मला टाकून गेली का? लोक तेच म्हणतात. बाबा कधी काही बोललेच नाहीत."

ती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. मी चित्रं तारखेप्रमाणे काळ्या फरशीवर मांडली. प्रत्येकात तीच खुर्ची, गुडघे जुळलेले, हात मांडीवर, नजर खाली. पावलांभोवती खडूच्या रेषा. मॉडेल पाय मोकळे करून आली की पुन्हा तंतोतंत तशीच बसावी, म्हणून आम्ही त्या आखतो.

"लाजाळू बाई," मी म्हणालो. "नवऱ्याच्या शब्दाबाहेर नसणारी."

"आई? शेजारच्या काकू म्हणायच्या, हिच्या आवाजानं दूध नासेल."

मी ओशाळलो. पुन्हा पाहिलं. तिसऱ्या चित्रात टाच किंचित उचललेली होती. पाचव्यात अंगठा खडूच्या रेषेबाहेर. नवव्यात सगळा भार पुढे, हात मांडीवरून सुटलेले, तळवे वर. आणि नजर लाजेनं खाली नव्हती. नऊही चित्रांत ती एकाच जागी खिळलेली होती, कागदाच्या उजव्या कडेच्या जरा बाहेर.

"तेव्हा तू कुठे असायचीस?"

"तिथेच, जमिनीवर खेळत. बाबा ओरडायचे, आईला हाक मारू नकोस, ती हलते."

"ती तुझ्याकडेच बघतेय," मी म्हणालो. "तुला उचलून घ्यायला उठतेय."

ती खूप रडली. मग चेहरा पुसून म्हणाली, "चित्रं राहू देत अशीच. उद्या सकाळी येऊन नेते."

दुसऱ्या दिवशी दहाला पोहोचलो. शिपाई दारातच बसला होता.

"कालच्या मॅडम केव्हाच आल्यात. आत आहेत."

आत कोणी नव्हतं. वर्गाला दार एकच.

चित्रं कालच्यासारखीच मांडलेली होती. नऊ खुर्च्या. नऊही रिकाम्या. खडूच्या रेषा मात्र जागच्या जागी.

मी चष्मा पुसला. भीती वाटली, हे कबूल करतो.

नवव्या कागदाच्या कडेपासून फरशीवर पांढरी पावलं उमटली होती. अनवाणी, बाईची. ती स्टुलापर्यंत गेली होती. तिथे फक्त चवडे होते. मुलासमोर उकिडवं बसताना टाचा टेकत नाहीत.

तिथून ती कागदाकडे परतली होती. परतताना डावं पाऊल जास्त दाबून पडलेलं. मूल कडेवर घेतलेली बाई अशी चालते, हे मीच वर्गात शिकवतो.

स्टुलावर पर्स होती. खाली चपला, नीट जोडीनं काढून ठेवलेल्या.