हौसाबाईंचा मणी

द्राक्षांचे घड नव्या औषधात बुडवायला घेण्याआधी आता टोळीतल्या प्रत्येक बाईचा मणी बघावा लागे. बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींपासून प्रयोगशाळेत तिळाएवढं यकृत वाढवायचं. त्याला म्हणायचे यकृतमणी. त्याला औषध पाजलं की आयुष्यभर त्यात हात घालून त्या बाईला कर्करोग होईल का, हे सहा दिवसांत कळे.

पूर्वी दोन वर्षं उंदरांना औषध चारत आणि त्यांच्यावरून सगळ्या माणसांसाठी एकच मर्यादा ठरवत. त्या मर्यादेत राहूनच हौसाबाईंची बहीण गजरा कर्करोगाने गेली होती.

हौसाबाई टोळीच्या मुकादम. पन्नास वर्षांचा त्यांचा नेम होता: नव्या औषधाच्या बादलीत पहिला हात मुकादमाचा, मग बाकीच्यांचे.

प्रयोगशाळेच्या डॉ. रेवती लोंढे यांनी बांधावर तबक उघडलं. चाळीस मणी. एकोणचाळीस गुलाबी, एक काळपट.

“औषध पास झालं, आजी. फक्त तुम्हाला चालणार नाही.”

“म्हणजे नापास मी?”

“मावशी, शाळेत कधी गेली नाहीस, तरी नापास झालीस,” टोळीतली यमुना म्हणाली. कुणी हसलं नाही. मग हौसाबाईच हसल्या.

“पूर्वी बाधणारं औषध बंद करायचे ना?”

“आता ज्याला बाधतं, तो माणूस बाजूला होतो,” डॉक्टर म्हणाल्या.

यमुनेने बादली पालथी घातली. “टोळी जाते ती अख्खी. दुसरी बाग बघू.”

“तुमचे गुलाबी आहेत ना? कामाला जा मग. गजराला कुणी थांबवलं नव्हतं. मला थांबवलं, हे काय थोडं झालं?” हौसाबाईंनी डॉक्टरांचे हात कपाळाला लावले.

डॉक्टर अवघडल्या. “एक मागू? तुमचा मणी फार हळवा आहे. इतरांना उशिरा बाधेल ते त्याला आधी कळतं. पुढचं प्रत्येक औषध आधी त्यालाच पाजू.”

“आणि तो मेला की?”

“त्याच पेशींपासून दुसरा वाढवू.”

“मी गेल्यावरही?”

“तेव्हाही.”

“त्याला दुखतं का हो?”

डॉक्टरांनी तबकाचं झाकण लावलं. “दुखत नाही, असं आम्ही धरून चालतो.”

“ठेवा,” हौसाबाई म्हणाल्या.

बादली पुन्हा भरली. हौसाबाई बांधावर बसल्या होत्या, कोरडे हात मांडीवर घेऊन. सवयीने यमुनेचा हात थांबला. तिने वळून बघितलं.

“बुडव,” हौसाबाई म्हणाल्या. “मी कधीच बुडवलाय.”