चाचणीच्या पानावरची छाया

इरफान मुजावरच्या प्रयोगशाळेतला भिंतभर पडदा उजळला, तेव्हा त्यावर प्रणिता चौगुलेचं नवंकोरं संकेतस्थळ होतं आणि त्यावरून शेकडो छाया फिरत होत्या. एक सोडून सगळ्या सुखानं फिरत होत्या. ती एक कुठल्यातरी पत्त्यावर जाऊ पाही, तो न सापडून थबके, आणि तिथं लाल ठिपका पेटे.

"ह्या बयेला काय हवंय?" प्रणिता वैतागली. पंधरा वर्षांपूर्वी हातानं बांधलेलं आपलं स्थळ ती पाडून नव्यानं उभारत होती. ही विद्या तिला कुठल्या कॉलेजानं शिकवली नव्हती. शिकवणाऱ्यांना तरी कुठं येत होती!

"तिला दोष देऊ नकोस," इरफान म्हणाला. ब्राउझरमध्ये बसणारं हे दोषशोधक अवजार त्यानंच घडवलं होतं. "जुन्या स्थळावर जो जो आला, त्याच्या हाताची चाल स्थळानं जपलीय. कुठं रेंगाळला, कुठून भरकन उतरला, कुठं परत आला. त्या चालीतून छायावाचक घडतो. त्याला नाव नाही, गाव नाही. नुसता हात. मूळ माणूस नव्या पानावर जे करील तेच छाया करते. जे करणार नाही, ते तीही करत नाही. स्वतःला वगळलंस ना? बनवणाऱ्याच्या येण्याजाण्यानं निकाल बिघडतो."

"माझा संगणक पहिल्याच दिवशी वगळलाय. मला काय शिकवतोस?"

इरफाननं त्या छायेला जुन्या स्थळावर सोडलं. ती सगळी पानं ओलांडून थेट एका पानावर गेली. त्याचं नाव 'चाचणी'. त्याला कुठूनही वाट नव्हती. पत्ता माहीत असेल त्यालाच ते सापडावं. त्यावर आवाजाचं एकच बटण होतं. छायेनं ते दाबलं, ध्वनिमुद्रण सरकवत शेवटाकडे नेलं आणि तेवढंच पुन्हा पुन्हा ऐकू लागली.

इरफाननं ते मुद्रण सुरुवातीपासून लावलं. पडद्यातून अठरा वर्षांची प्रणिता ओरडली, "हॅलो, हॅलो! आण्णा, येतोय का आवाज?" मागं कुठंतरी लोखंडी पाना आपटल्याचा खणखणाट झाला, आणि मग वडलांचा खर्जातला आवाज आला. "येतोय की गं. बहिरा झालो न्हाई अजून!"

प्रणितानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. गडहिंग्लजला आण्णांचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथंच तिनं हे मुद्रण केलं होतं, आणि तो पत्ता फक्त आण्णांना दाखवला होता. पुढं स्थळं बांधायच्या नादात तिनं डिप्लोमा अर्धवट सोडला. आण्णा म्हणाले, त्या डबड्यावर पोट भरायचं असंल तर हिकडं तोंड दाखवू नको. तिनं दाखवलं नाही. बाप हट्टी, लेक सवाई. मधूनमधून अंथरुणात पडल्यापडल्या ती ते मुद्रण ऐकायची, एवढंच. कोण नाही ऐकत?

"आण्णा आहेत," ती म्हणाली. "इतकी वर्षं येतायत रे. आणि मी कचरा म्हणून ते पान काढून टाकलं!"

"पण तुझं बोलणं सोडून स्वतःचंच ऐकतायत?"

"गर्विष्ठ आहे म्हातारा. तुला काय ठाऊक!" ती हसली, पण डोळे भरले होते.

तिनं ते पान नव्या स्थळात परत बसवलं. आवाजाखाली नवं बटण जोडलं, 'बोलायचंय?', आणि छायेला सोडलं.

छाया आली. ऐकलं. खाली उतरली, बटणावर थांबली. मागं गेली, परत आली, पुन्हा थांबली. मग पान बंद करून निघून गेली. प्रणितानं बटण मोठं केलं, रंग बदलला, जागा बदलली. दर वेळी तेच. जीव बटणावर, बोट काही वाकेना.

"नाही दाबणार ते," इरफान हळूच म्हणाला. "इथं दुरुस्त करण्याजोगं काही नाही, प्रणिता."

"मग मीच फोन लावते."

फोन उचलला गेला. "कोण?"

ती म्हणाली, "आण्णा... येतोय का आवाज?"

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग उत्तर आलं. "येतोय की गं."

"आण्णा, तुम्ही माझ्या स्थळावर येता, हे मला आत्ता कळलं."

"कुठं येतो? ह्ये दुकान सोडून मी कुठं जातोय? आणि माझा फोन बटणांचा. त्यात तुझं ते दिसतंय व्हय?"

प्रणितानं पडद्याकडे पाहिलं. मग हातातल्या फोनकडे. संगणक तिनं वगळला होता. अंथरुणात सोबतीला असणारा हा फोन वगळला नव्हता. आण्णांचंच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकणारा हात तिचाच होता, आत्ता फोन धरलेला.

इरफानच्याही ध्यानात आलं. तो कुजबुजला, "म्हणजे माझं अवजार चुकलं. छाया तुझी होती आणि तिनं बटण दाबलं नाही. तू तर फोन लावलास."

"नाही चुकलं." तिनं फोन तळव्यानं झाकला. "मी दाबलंच नसतं. मला वाटलं आण्णांनाच धीर होत नाहीये, म्हणून लावला."

"प्रणे?" तळव्याखालून आवाज आला. "हैस का? का गेला आवाज?"

"आहे, आण्णा," तिनं हात काढला. "बोला."