तीनशे एकोणिसावी नोंद

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि स्वतःच्या कोडवर तर त्याहून नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तू मला भोळी समजणार नाहीस.

काम अगदी साधं होतं. माझी वहिनी एका मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिच्या वॉर्डातल्या बेड अकराच्या बाई एका पहाटे गेल्या. तीन वाजता त्यांनी घंटी दाबल्याचं मशीनमध्ये होतं, पण कुणी त्यांच्याकडे गेल्याची नोंद कुठेच नव्हती. मुलांनी तक्रार केली. सोमवारी चौकशी होती आणि नोंद मिळाली नाही तर वहिनीची नोकरी जाणार होती. वहिनीचं म्हणणं एकच, "मी गेले होते. लिहिलंही होतं."

आता वॉर्डात कॉम्प्युटर एकच. घाईत आधीच्या पेशंटचं पान उघडं राहतं आणि दुसऱ्याची नोंद त्यात जाऊन बसते. हे रोजचंच, सगळ्या नर्सेसना ठाऊक. हॉस्पिटलचा सर्च मात्र पेशंटच्या नंबरावर चालतो, चुकीच्या पानावरचं त्याला जन्मात सापडणार नाही. म्हणून नऊ वर्षांच्या सगळ्या नोंदी एका लांबलचक फाइलमध्ये काढल्या होत्या. त्यात नुसते शब्द शोधायचे होते. अशा वेळी प्रोग्रामर नणंद आठवते.

"वन्सं, तेवढं बघा ना," वहिनी म्हणाली. एरवी ती मला अगं-तुगं करते. वन्सं म्हणाली की समजायचं, बाई घाबरली आहे.

शुक्रवारी दुपारी दोनला आम्ही तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसलो. खिडकी नाही. जुन्या कागदांचा आणि फिनाइलचा वास, डोक्यावर गुणगुणणारी ट्यूबलाइट. तिथले रेकॉर्डवाले काका दारातच म्हणाले, "फाइल फक्त वाचायची. बाहेर न्यायची नाही. पाचला कुलूप." आणि बाहेर पेपर वाचत बसले.

पहिली स्क्रिप्ट, म्हणजे शोधायचा छोटासा प्रोग्राम, मी डोकं न चालवता लिहिली. बेड अकरा, बेड ११, खाट ११, नुसतंच 'अकरा नंबर', अशी लिहिण्याच्या चाळीस तऱ्हांची यादी, प्रत्येकीसाठी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, आणि सापडलेल्या नोंदींतून वहिनीच्या नर्स-कोडच्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या. सुरू केली आणि लक्षात आलं, हिला दोन तास तरी लागणार. चाळीस वस्तू हरवल्या म्हणून कुणी चाळीस वेळा घर उपसत नाही. मग तिला एका खिडकीत चालू ठेवून दुसरी लिहायला घेतली. चाळीस तऱ्हांचा मिळून एकच नमुना, तो एकदाच तयार करायचा. फाइल एकेक ओळ करत एकदाच वाचायची. आणि ज्या ओळीत वहिनीचा कोड नाही, ती नमुन्याला न दाखवताच सोडून द्यायची. हे शेवटचं सुचलं तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

साडेतीनला ती चालवली. पन्नास सेकंद. तीनशे एकोणीस नोंदी, आणि शेवटची त्याच पहाटेची, बेड चारच्या पेशंटच्या पानावर.

"३:२०. बेड अकरा. पाणी मागितलं, दिलं. हात धरून बसले आहे."

मी वहिनीला मिठीच मारली. ती मात्र स्क्रीनकडे बघत राहिली.

"सुटलीस की! तोंड का असं?"

"काही नाही... दमलेय."

चारच्या सुमारास रखडत रखडत पहिली स्क्रिप्ट संपली. तिचा आकडा तीनशे अठरा.

घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. जलद केलेलं काम एखादी ओळ दोनदा मोजतं, असल्या चुका मी ढिगाने केल्या आहेत. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. जास्तीची ओळ नेमकी तीच होती, ३:२० ची. म्हणून फाइल उघडून बेड चारच्या पानावर गेले. ३:०५ ला ऑक्सिजन वाढवल्याची नोंद. त्याखाली ४:५० ची. मधे काहीच नव्हतं.

मला खरंच मौज वाटली. चूक माझी आहे हे नक्की, फक्त कुठे ते कळत नव्हतं, आणि असं काही दिसलं की मला बाकीचं सुचत नाही. मी तीच स्क्रिप्ट, एक अक्षरही न बदलता, पुन्हा चालवली. तीनशे वीस.

"३:४०. बेड अकरा. अजून तहान आहे म्हणतात. मी बसले आहे."

फाइलची शेवटची बदललेली तारीख पाहिली. आठवडाभरापूर्वीची. आकार तितकाच. तिच्यात एक टिंब घालायची सोय माझ्याकडे नव्हती. ट्यूबलाइटचा आवाज एकाएकी फार मोठा वाटायला लागला, तरी माझा हात कीबोर्डवरच होता. पुन्हा चालवली.

तीनशे एकवीस.

"४:१०. बेड अकरा शांत. मी बसूनच आहे."

"बंद कर गं..." वहिनी म्हणाली.

"थांब, एकदाच..."

"मी गेले नव्हते." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी वळून पाहिलं. "घंटी ऐकली होती मी. बेड चारला श्वास लागला होता, त्याला धरून होते. वॉर्डात दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, पाच मिनिटांनी जाऊ. पाच वाजता गेले तेव्हा... त्या गार पडल्या होत्या."

"मग हे कुणी लिहिलं?"

"मला काय माहीत! कोड माझा आहे, पण अशी नोंद आम्ही लिहीत नाही. 'बसले आहे' असं कोण लिहितं?"

मला तिची दया आली आणि राग पण आला. महिनाभर ती घरात सगळ्यांशी खोटं बोलत होती. पण नोकरी गेली तर भावाचं घर कसं चालणार, तेही मला दिसत होतं. तीन ओळी समोर होत्या. कागदावर उतरवल्या की काम झालं.

"प्रिंट काढू?" मी विचारलं.

तिने तिन्ही ओळी पुन्हा वाचल्या. मग म्हणाली, "नको. ते माझं नाही. मी सोमवारी खरं काय ते सांगते, पुढे होईल ते होईल."

काकांनी दारावर टकटक केली. मी सगळं बंद केलं.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. ती आत होती आणि मी बाहेर बाकावर. आधी एक म्हाताऱ्या बाई आत जाऊन आल्या होत्या, त्या माझ्याशेजारी बसून रिक्षाची वाट बघत होत्या. बोलता बोलता कळलं, त्या पहाटे बेड बारावर याच होत्या.

"मी सांगितलं आत," त्या म्हणाल्या. "सिस्टर आल्या होत्या. पाणी पाजलं, शेवटपर्यंत हात धरून बसल्या. आपल्या डोळ्यांनी पाहिलंय मी. तुमच्या कोण त्या?"

"वहिनी," मी म्हणाले.

"फार गुणी हो. आता माझ्याकडे घरीसुद्धा येते."

"घरी? कधीपासून?"

"शुक्रवारपासून. दुपारची झोपले होते, साडेतीन वाजले असतील, डोळे उघडले तर कॉटशी बसलेली. बोलत नाही काही. आज निघताना म्हटलं, तुझ्यासाठीच चाललेय, चल की बरोबर. तर मानेनंच नाही म्हणाली. बसलीये अजून घरी."

तेवढ्यात दार उघडलं आणि वहिनी बाहेर आली. डोळे लाल, पण चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा.

"मी सगळं खरं सांगितलं," ती म्हणाली. "ते म्हणतात, साक्षीदार आहे, तुम्ही घाबरून विसरला असाल. वाचले गं... नोकरी वाचली."

म्हाताऱ्या बाईंनी चष्मा नीट करून तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"या कोण?"