खालून सांगणारी

सासूबाई बऱ्या होऊन घरी येईपर्यंत टीव्ही लावायचा नाही, असा नेम मी एकदा धरला होता, ताई. त्या आल्या. स्वतःच्या पायांनी नाही, स्ट्रेचरवरून आल्या; अर्धं अंग लुळं, बोलणं जड झालेलं. पण आल्या ना? देवाशी घासाघीस करू नये. मी टीव्हीवरचं कापड काढलं, धूळ पुसली आणि त्यांचा पलंग त्याच्यासमोर लावला. दिवसभर छताकडे बघत पडून राहणाऱ्या माणसाला दुसरा विरंगुळा काय देणार?

केबल आम्ही कधीच काढून टाकली होती. गच्चीवर अँटेना होती, तिच्यावर फुकट जे दिसायचं तेवढं आम्हाला पुरायचं. पत्र्याच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात पाइप उभा केलेला, वर अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या. वारा सुटला की तिचं तोंड फिरायचं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या! मग हे वर जाऊन पाइपाला मिठी मारून डबा सरकवायचे आणि मी खिडकीत उभी राहून, एक डोळा टीव्हीवर ठेवून ओरडायचे, "आलं… गेलं… थोडं मागे!"

"तुझं थोडं म्हणजे किती?" हे वरून विचारायचे. "भाजीतलं मीठ आहे का ते?"

ज्या संध्याकाळचं सांगतेय, तेव्हा गच्चीचा मागचा कठडा दुरुस्तीसाठी पाडलेला होता. मी म्हटलं, "कठडा होऊ द्या, मग बघा."

"आई सकाळपासून मुंग्या बघत पडलीय," हे म्हणाले. "हा गेलो आणि हा आलो."

दिवेलागण झाली होती. आभाळ राखेसारखं. तापलेल्या टीव्हीला धूळ जळल्याचा वास येत होता आणि त्याची ती खरखर… कुणीतरी दाराला नखं घासावीत तशी. वर डबा सरकल्याचा आवाज आला. "आलं का?"

"नाही अजून!" मी ओरडले. तेवढ्यात आत दूध उतू गेल्याचा वास आला. "जरा थांबा हं," असं ओरडून मी स्वयंपाकघरात पळाले. गॅस बंद केला, फडकं हातात घेतलं, आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"अजून थोडं मागे…"

माझाच आवाज होता तो, ताई.

आधी वाटलं, सासूबाई गंमत करतायत. पण त्यांना धड पाणी मागता येत नव्हतं. पुन्हा आलं, "हं… अजून… या ना मागे…" आणि वर डबा सरकला. खर्र…

मी बाहेर आले. सासूबाई डोळे विस्फारून खिडकीकडे बघत होत्या. खिडकीत कुणी नव्हतं. पडद्यावर मुंग्या वळवळत होत्या आणि आवाज टीव्हीतून येत होता. मी तो बंद केला. पडदा काळा झाला. बोलणं चालूच.

"मागे या हो… अगदी थोडंच राहिलंय…"

"थांबा!" मी खिडकीतून किंचाळले. "हलू नका!"

"थांबू नका," माझाच आवाज माझ्या पाठीमागून म्हणाला. "चित्र येतंय."

वरून ह्यांचं हसू ऐकू आलं. "अगं, नक्की काय ते एकदा ठरव!" आणि पुन्हा डबा सरकला.

ओरडून उपयोग नव्हता. माझ्या हाकेची किंमतच उरली नव्हती. देवाचं नाव घेत मी जिना चढले. कशी चढले ते त्यालाच ठाऊक. हे पाइपाला कवटाळून, आभाळातल्या दांड्यांकडे बघत, उलट्या पावलांनी मागे येत होते. टाच गच्चीबाहेर गेलेली. मी दोन्ही हातांनी सदरा धरला आणि ओढलं. दोघंही आपटलो. डबा कलंडला आणि अँटेना पाइपासकट खाली गेली. बऱ्याच वेळाने पडल्याचा आवाज आला.

हे धापा टाकत म्हणाले, "तू इथे… मग खाली कोण बोलतंय?"

खालून हळूच आलं, "ती वर आली वाटतं…"

पळून जावंसं वाटलं. पण खाली सासूबाई एकट्या होत्या. हात घट्ट धरून आम्ही उतरलो. खोली शांत होती. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं आणि एकेक शब्द ओढत म्हणाल्या, "खिडकीत… तुझ्या जागी… उभी होती. माझ्याकडे… वळून नाही बघितलं."

त्या वाचल्या, हे वाचले, ही देवाचीच कृपा. पुढे पुष्कळ वर्षं सगळे सुखाने राहिलो. मात्र त्या दिवसापासून आम्ही हाकेला उत्तर देत नाही. कुणी हाक मारली की उठून जायचं, हात धरायचा, मगच बोलायचं. पाहुणे हसतात. हसू देत.

तुम्हीही गच्चीवर अँटेना बसवताय असं कळलं, म्हणून मुद्दाम आले. तुम्हीही एवढं कराच, ताई. आजपासूनच.

कारण आत्ता तुमच्या यजमानांनी वरून काहीतरी विचारलं आणि आतल्या खोलीतून तुमच्या आवाजात "हो" गेलं. मी तुमच्या तोंडाकडेच बघत होते, तुमचे ओठ हलले नाहीत.

बोलू नका. उठा. वर जा आणि आधी त्यांचा हात धरा.