एक तास दहा मिनिटं

ही गोष्ट खरी आहे. खोटी रचायची असती, तर मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

मी सूरज. ठाणे पूर्वेला, कोपरीत राहतो. गेल्या वर्षीचा डिसेंबर, बुधवार, संध्याकाळचे सात.

नांदेडहून उत्तममामाचा फोन आला. मामा तिथे बँकेत, आणि शकूमामी मुलीसोबत, दर्शनासोबत, गावी कुडाळजवळ.

"अरे, दर्शनाचा फोन आलेला. शकूला अ‍ॅडमिट केलंय. आत्ताच गाडी करून निघतो."

घरातल्या सगळ्यांची तिकिटं मीच काढतो, त्यामुळे शहाणपणाचा मक्ता माझ्याकडे. मोबाइलवर शोधलं. नांदेड ते सिंधुदुर्ग विमानतळ, पाचशे पस्तीस किलोमीटर, एक तास दहा मिनिटं.

"मामा, रात्रभर गाडीत कशाला हाल? सकाळी विमानाने जा. तू एअरपोर्टला पोच, तिकीट पाठवतो."

मग दर्शनाला फोन लावला. तिने तो आईच्या कानाला धरला.

"किती वेळ लागतलो रे, झिला?" मामीचा आवाज पार खोल गेलेला.

"विमानात बसला की एक तास दहा मिनिटं, मामी."

"बरा... वाट बघतंय."

आणि मी जेवून झोपलो.

सकाळी तिकीट काढायला बसलो...

असं विमानच नव्हतं.

त्या पानावर नुसतं नकाशावरचं सरळ अंतर होतं, आणि विमानाच्या वेगाने काढलेला वेळ. विमान खरंच जातं का, हे मी पाहिलंच नव्हतं.

मामा बॅग घेऊन नांदेडच्या विमानतळाबाहेर उभा होता. मी त्याला म्हटलं, "फ्लाइट कॅन्सल झाली, मामा."

त्याने आठ वाजता गाडी केली. पोचायला रात्रीचे दहा वाजले.

मामी सकाळी दहालाच गेली होती. आदल्या संध्याकाळी निघाला असता, तर तो नऊला तिच्याजवळ असता.

तेराव्यानंतरचा गुरुवार. मी घरीच होतो. आमच्याकडे स्टेशनवरची घोषणा दिवसभर ऐकू येते.

दहा वाजता ती थांबली...

भाजीवाल्याची हाक थांबली. शेजारचा मिक्सर थांबला.

फोन वाजला. स्क्रीनवर 'शकूमामी'.

तो नंबर दर्शनाने कधीच बंद केला होता.

उचलला. हॉस्पिटलातल्या मशीनची टिकटिक. मग श्वास...

"तास झालो रे?"

"येतोय, मामी... निघालाय." मी मेलेल्या माणसालाही थाप मारली.

पुढच्या गुरुवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. नंबर ब्लॉक केला, तरी येतच राहिला.

गेल्या महिन्यात मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आला. गुरुवारी मी दुसऱ्या खोलीत असताना घोषणा थांबली...

धावत आलो. माझा फोन मामाच्या हातात होता.

"अगं, मी निघणारच होतो गं... विमानच रद्द झालं."

तो बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला.

"तुझ्या तोंडून ऐकायचंय म्हणतेय."

कानाला लावला. श्वास चालू होता. ती बोलत नव्हती. वाट बघत होती. मामाही बघत होता.

खरं सांगायचं एकच वाक्य होतं. घशापर्यंत आलंही होतं.

"हो मामी," मी म्हटलं. "रद्दच झालेलं."

श्वास थांबला...

बाहेर घोषणा सुरू झाली. मामाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू तरी काय करणार होतास रे?"

त्यानंतर मला तिचा फोन आला नाही.

दर्शना म्हणते, आता दर गुरुवारी दहाला बाबा मोबाइल घेऊन गच्चीवर जातात. पलीकडून काय सांगितलं जातं, ते कुणाला बोलत नाहीत.

परवा मी मामाला भेटायला गेलो. त्याने चहा दिला, माझी तब्येत विचारली. पण पूर्ण वेळ माझ्याकडे वर बघितलं नाही.

मान मी खाली घालायला हवी होती. ती तो घालून बसला होता.